टाकी घासू नकोस गं

अगं, फोनवर तू रडवेली झाली होतीस, म्हणून तेव्हा फार बोलले नाही. दर रविवारी सगळं पाणी ओतून टाकतेस, काचा घासतेस, खडे चाळणीत घालून नळाखाली धुतेस, फिल्टरचा स्पंज पांढराशुभ्र होईपर्यंत पिळतेस, आणि बुधवार-गुरुवारपर्यंत एखादा मासा तळाशी बसतो. मासे मरतात ते तुझ्या दुर्लक्षामुळे नाही, या घासण्यामुळे. आपल्या घरात स्वच्छता म्हणजे चकचकीत, असंच आपण शिकलो. माशाच्या टाकीत मात्र ती शिकवण उलटी पडते.

नीट समजून घे. गोल्डफिश म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला मासा. खातो भरपूर, घाणही भरपूर करतो. त्याच्या शरीरातला अमोनिया बहुतेक कल्ल्यांतूनच पाण्यात उतरतो. शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी अगदी नितळ असतं आणि माशाचे कल्ले आतून भाजत असतात. निसर्गात त्याचा निकाल लावणारे जिवाणू असतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि आपण पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुझ्या टाकीला गेल्या कित्येक महिन्यांत एवढी सवड मिळालेलीच नाही! विरजणाचं भांडं रोज घासून कोरडं केलं आणि वर दही का लागत नाही म्हणून विचारलं, तसं झालंय हे.

तेव्हा आता टाकी पूर्ण रिकामी करायची नाही. आठवड्यातून एकदा पाव ते एकतृतीयांश पाणी काढायचं. नळी खड्यांत खुपसून काढलंस, तर खाली साचलेली घाण पाण्याबरोबर येते. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच, बादलीत, दोन-चारदा दाबायचा. तो तपकिरी दिसला तर दिसू दे, ती नुसती घाण नाही, तिच्यातच तुझी मदतनीस मंडळी आहेत. नळाखाली धरायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच असतं. साबण, भांड्यांची घासणी, यांतलं काहीच टाकीजवळ आणू नकोस.

नवीन पाण्यात क्लोरीन काढायचं औषध घालूनच ते टाकीत ओत. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते असं उडत नाही. औषधाची बाटली स्वस्त असते, घरात असू दे. आणि हो, ‘शुद्ध’ म्हणून आरओचं पाणी घालत असशील तर आजच थांब. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि गोल्डफिशला थोडं जडच पाणी मानवतं.

आता उरलेल्या दोन माशांचं काय करायचं? अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा थेंबांचा किट आण. दोन्ही आकडे शून्य हवेत. येत नसतील, तर रोज किंवा एक दिवसाआड पाव पाणी बदल आणि खाणं अगदी कमी कर. तुमच्या ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्यातल्या स्पंजचा एक तुकडा मागून घे आणि ओलाच आणून तुझ्या फिल्टरमध्ये ठेव. सगळ्यात लवकर गुण त्यानेच येतो. अंगावर काळे डाग दिसले तर घाबरू नकोस, अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना बरेचदा असे डाग पडतात. दुकानदार देतो ते निळं औषध मात्र टाकीत ओतू नकोस. त्याने हेच जिवाणू मरतात. औषध द्यायचंच झालं तर मासा वेगळ्या टबात काढून.

सासूबाईंना शुभ म्हणून नऊ मासे हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या श्रद्धेला मी नाव ठेवत नाही. पण तुझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच आहे, म्हणजे काठोकाठ भरली तरी साधारण ५७ लिटर. गोल अंगाच्या एका ओरँडा गोल्डफिशला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर, असा हिशेब धर. नऊ माशांना जवळजवळ ४०० लिटर लागतील! दुकानातलं ते बोटाएवढं पिल्लू हातभर नाही, पण वीतभर नक्की वाढतं. त्यांना सांग, नऊ मासे वर्षभर एकामागून एक मरत राहण्यापेक्षा दोन मासे दहा-पंधरा वर्षं घरात नांदलेले बरे. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश होता, १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला. तो १९९९ पर्यंत, ४३ वर्षं जगला. आहेत त्या दोघांसाठीसुद्धा पुढेमागे मोठी टाकी घ्यावी लागेल, हे मनात असू दे. आणि काचा साफ करायला म्हणून सकर मासा गळ्यात मारतील, तो घेऊ नकोस. तो गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चाटतो आणि त्या जागी जखमा होतात.

माशांना खाणं घालणाऱ्या पिंटूला तूच समजाव. गोल्डफिशला पोटाची पिशवीच नसते, त्यामुळे तो सतत मागत राहतो. तू काचेजवळ गेलीस की धावत येतो, कारण तो तुला ओळखतो. तीन सेकंदांच्या स्मरणशक्तीची गोष्ट खोटी आहे. पण मागितलं म्हणून द्यायचं नाही. दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच, आणि शक्यतो बुडणारे दाणे. पोळी, ब्रेड, भात नको. कधीतरी उकडून साल काढलेला मटार दे, पोट साफ राहतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. तुमच्याकडे संध्याकाळी डासांचं लिक्विड आणि कॉइल चालू असते. त्यांतली औषधं माशांना फार विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात सोडतो. ज्या खोलीत टाकी, त्या खोलीत ते लावूच नकोस. झुरळांचा फवारासुद्धा नको. खिडक्यांना जाळी लावून घ्या.

नागपूरचा मे तर तुला सांगायलाच नको. या माशाला १८ ते २४ अंश मानवतात, आणि पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर ते खाणं मागत नसतात, श्वासासाठी धडपडत असतात. एप्रिलपासून टाकी कूलरच्या खोलीत हलव, झाकण काढून जाळी टाक आणि पाण्यावरून छोटा पंखा सोड, दोन-तीन अंशांचा फरक पडतो. बर्फ एकदम घालू नकोस. वीज जाते तेव्हा फिल्टर बंद पडतो, त्यासाठी बॅटरीवरचा पंप घेऊन ठेव.

दिवाळीत माहेरी येशील तेव्हा शेजारच्या काकूंना खायला घालायला सांगू नकोस, मायेपोटी त्या मूठभर टाकतील. मोठे निरोगी मासे चार-पाच दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. आणि कधी सांभाळणं जमेनासं झालंच, तर फुटाळा तलावात सोडायचा विचारही करू नकोस. गोल्डफिश तळ ढवळतात, इथल्या माशांचं खाणं पळवतात. दुसऱ्या घरी दे.

या रविवारी घासणी उचलू नकोस. सकाळी किटने पाणी तपास आणि अमोनियाचा आकडा मला सांग, मग पाणी किती बदलायचं ते आपण फोनवर ठरवू.