जॉइंट मारला, पण कसा?

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी वायरींचे जॉइंट केले. जर्नल सबमिट झालं, विषय संपला! पण घरात तो संपत नाही. आपल्या कांदिवलीतलं चारकोपच घ्या. १९८० च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या योजनेत इथे प्लॉट दिले. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. खोली वाढली की जुन्या वायरीला नवी जोडावी लागते. अशा वेळी कुठेही नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळला जातो. ‘एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल!’

हा भरवसाच चुकीचा आहे. हिशोब करून बघा. पाणी तापवायची १५०० वॅटची रॉड २३० व्होल्टला साधारण ६.५ अँपिअर घेते. सैल जॉइंटचा रेझिस्टन्स फक्त ०.६ ओहम धरला, तरी करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स म्हणजे सुमारे २५ वॅट उष्णता त्या एका जागी तयार होते. लॅबमधली छोटी सोल्डरिंग आयर्न तेवढीच असते! मात्र करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. म्हणून एमसीबी पडत नाही. आणि ईएलसीबीला फक्त लीकेज कळतं, गरम जॉइंट नाही. तापून तांब्यावर ऑक्साइड चढतो, रेझिस्टन्स आणखी वाढतो. तांब्याला ॲल्युमिनियम जोडलं असेल तर हे आणखी लवकर होतं.

सैल जोडणी काय करू शकते ते दिल्लीच्या उपहार सिनेमात दिसलं. १३ जून १९९७ ला सकाळी तिथल्या ट्रान्सफॉर्मरच्या केबलची दुरुस्ती झाली. सॉकेट क्रिम्पिंग मशीनऐवजी डाय आणि हातोडीने ठोकून बसवले. जोडणी सैल राहिली, स्पार्किंग होऊन केबल सुटली आणि सिनेमा चालू असताना आग लागली. ५९ माणसं गेली.

मग करायचं काय? शक्यतो मधे जॉइंट नकोच. अखंड वायर ओढावी. लागलाच तर मेन बंद करून, टेस्टरने तपासून, एकाच धातूच्या व जाडीच्या वायरी स्क्रू कनेक्टरमध्ये घट्ट आवळाव्यात, ओढून बघाव्यात आणि जॉइंट बॉक्समध्येच ठेवावा, म्हणजे पुढे तपासता येतो. टेप इन्सुलेशन देतो, पकड नाही. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

हॉस्टेलमध्ये स्विचबोर्ड गरम लागला, दिवा फडफडला किंवा जळका वास आला, तर त्याच दिवशी वॉर्डनना सांगा. एमसीबीची वाट बघू नका.