आधी केबल काढ

सांगली,
मंगळवार, रात्री साडेदहा

चि. मनूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

सकाळी तू फोनवर रडत होतीस आणि माझ्यासमोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. म्हणून "केबल काढ आणि डिस्कला हात लावू नकोस" एवढं बोलून मी फोन ठेवला. तुला ते तुटक वाटलं असणार. ताईनं संध्याकाळी मला तसं ऐकवलंही. पण माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण त्या एका वाक्यात आलं. उरलेलं निम्मं आता शटर ओढून निवांत लिहितोय. फोनवर सांगितलं असतं तर तू अर्धं ऐकून लगेच काहीतरी करून बघितलं असतंस. तुझा स्वभाव आईवर गेलाय.

तू पाठवलेलं आठ सेकंदांचं रेकॉर्डिंग मी चारदा ऐकलं. टक्, टक्, टक्, मग चकती मंदावल्याचा सुस्कारा, आणि पुन्हा टक्. आत काय चाललंय ते सांगतो. तुझ्या अडीच इंची डिस्कमध्ये आरशासारख्या लखलखीत चकत्या आहेत. त्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. हिशेब केलास तर चकतीच्या कडेचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास जातो; आपली मिरजेची एसटी काही एवढी पळत नाही. या पळत्या चकतीवर लिहिणारं-वाचणारं हेड तरंगत असतं आणि दोघांमधली फट असते काही मोजक्या नॅनोमीटरची. डोक्यावरचा एक केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घे. आपण कुठं आहोत हे हेडला कळावं म्हणून चकतीवर जागोजागी खुणा असतात, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांसारख्या. त्या वाचता आल्या नाहीत की हेडचा दांडा मागं जाऊन अडतो, आपटतो आणि नव्यानं प्रयत्न करतो. ते आपटणं म्हणजे हा टक्.

तू काढलेल्या लग्नाच्या फोटोंची कॉपी चालू असताना तुझी डिस्क पडली, चार्जरच्या वायरीत पाय अडकून. बंद डिस्क पडली असती तर हेडं चकतीबाहेर, आपल्या जागी विसावलेली असती आणि कदाचित काही बिघडलं नसतं. चालू डिस्कचं हेड चकतीवर असतं. ते वाकलं असेल तर केबल लावशील तेव्हा ते चकतीवरचा मुलामा खरवडेल, आणि सगळं लिहिलेलं असतं त्या मुलाम्यातच. अशा डिस्का मी उघडलेल्या पाहिल्यात. आत काजळीसारखी बारीक पूड असते. ती पूड म्हणजे कुणाचे तरी फोटो. ती परत चिकटवून देणारी डेटा रिकव्हरी लॅब जगात नाही. सकाळपासून तू अकरा वेळा लावून पाहिलंस म्हणालीस. झालं ते झालं. बारावी वेळ नको.

फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय तुला तिघांनी सांगितला म्हणे. फार जुना उपाय आहे आणि वाईट आहे. गार डिस्क बाहेर काढलीस की तिच्यावर दव धरतं, पावसाळी हवेत गार बाटलीवर धरतं तसं, आणि आतल्या फटीला एक थेंबही डोंगराएवढा. हलकेच ठोकून बघायचा उपाय याच जातीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा माझ्याकडं भिजलेल्या डिस्का घेऊन माणसं येत होती. बहुतेकांनी त्या उन्हात वाळवल्या होत्या, काहींनी तांदळाच्या डब्यात पुरल्या होत्या. वाळल्यावर पुराचा गाळ चकतीवर घट्ट बसतो. ओलीच डिस्क पिशवीत बंद करून आणली असती तर लॅबवाल्यांना ती धुता आली असती. पण घाबरलेल्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि डेटा बहुधा त्या 'काहीतरी'त जातो.

आता हे सगळ्या डिस्कांना लागू नाही, तेही समजून घे, म्हणजे पुढं उगाच घाबरणार नाहीस. आधी आजार ओळखायचा. डिस्क एकदम शांत असेल, दिवाही लागत नसेल, तर केबल बदलून आणि दुसऱ्या पोर्टला लावून बघायला हरकत नाही; निम्म्या वेळा तिथंच सुटतं. डिस्क नीट फिरते, आवाज नेहमीचा आहे, फक्त फाइली चुकून डिलीट झाल्या किंवा फॉरमॅट झालं, तर मजकूर बहुतेक जागेवरच असतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं राहतात, तसा. त्या डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही आणि टेस्टडिस्क किंवा फोटोरेकसारखी फुकट मिळणारी साधनं वापरायची. चकत्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या एसएसडीबाबत मात्र हा भरवसा धरू नकोस. डिलीट झालेली जागा ती स्वतःच आतून साफ करत जाते.

डिस्क ओळखली जाते पण फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात, मध्येच अडकते, हा तिसरा आजार. इथं लोक हमखास विंडोजमधलं चेकडिस्क चालवतात आणि दमलेल्या बैलाला पुन्हा नांगराला जुंपतात. दुरुस्ती म्हणून ते त्याच डिस्कवर लिहायला लागतं. अशा डिस्कवर मी फक्त एक काम करतो, ते म्हणजे लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावून तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणं. हा प्रोग्राम मोठा समजूतदार आहे. जिथं सहज वाचता येतं ते आधी उचलतो, जिथं अडतं ते सोडून पुढं जातो आणि शेवटी अवघड जागांकडं वळतो. काय झालं, काय राहिलं याची नोंद ठेवतो, त्यामुळं मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. प्रत निघाली की मूळ डिस्क बाजूला ठेवायची आणि सगळे प्रयोग प्रतीवर करायचे.

तुझा आजार चौथा. टक् टक् करणाऱ्या डिस्कला कुठलंही सॉफ्टवेअर लागू पडत नाही आणि माझ्यासारख्या दुकानदारानं ती उघडायची नसते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

दुकान टाकून दोन वर्षं झाली होती. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यांनी डिस्क आणली. पाच वर्षांचा टॅलीचा डेटा. आवाज तुझ्या डिस्कसारखाच, पण मधूनमधून ती ओळखली जायची. मी तेव्हा तरुण, हातात नवीन घेतलेलं सॉफ्टवेअर. 'रात्रभर स्कॅनला लावतो, सकाळी या' म्हणालो. रात्री दोनपर्यंत आकडे सरकताना बघत बसलो, फार आनंदात. सकाळी डिस्क नुसती घरघरत होती. नंतर उघडली तर चकतीवर बोटाच्या नखानं ओढावी तशी गोल रेघ, पूर्ण फेरा. ती मी ओढली होती. रात्रभर, स्वतःच्या हातानं, आनंदात. अडत्यांना तोंड कसं दाखवावं कळेना. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपल्या मुनीमजींकडं बघितलं. मुनीमजी थंडपणे म्हणाले, "वह्या आहेत." कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांनी त्यांना हसून लिहिणं बंद करायला सांगितलं होतं. त्यांनी बंद केलं नव्हतं. पुढचे तीन महिने दोन पोरं लावून त्यांनी पाच वर्षं पुन्हा टाइप करून घेतली. पोरांचा पगार मी दिला. तेव्हापासून टक् टक् आवाजाची डिस्क मी वीज न देता परत करतो आणि लॅबचा रस्ता दाखवतो.

लॅबमध्ये काय करतात ते ऐक, म्हणजे पैशाचा आकडा ऐकून दचकणार नाहीस. गाळलेल्या हवेच्या स्वच्छ कक्षात डिस्क उघडतात, कारण साध्या धुळीचा कणही त्या फटीपुढं धोंडा ठरतो. त्याच मॉडेलची, जमेल तितकी जुळणारी दुसरी डिस्क शोधतात, तिची हेडं काढून तुझ्या डिस्कला बसवतात आणि ती नवी हेडं टिकतील तेवढ्या वेळात प्रत घेतात. एक चांगली डिस्क यात बळी जाते. बिल हजारांत होतं, कधी दहा हजारांच्या पटीत. देण्याआधी चार गोष्टी विचार: तपासणीचे किती, डेटा निघाला नाही तर किती, पैसे देण्याआधी फाइलींची यादी दाखवाल का, आणि काम झाल्यावर तुमच्याकडची प्रत कधी पुसाल. यादी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही. 'शंभर टक्के काढून देतो' असं डिस्क न बघता म्हणणाऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली यायचं.

आशा सोडू नकोस. २००३ च्या १ फेब्रुवारीला कोलंबिया यान परतीच्या वाटेवर आकाशात फुटलं, कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. त्या अवशेषांत काही महिन्यांनी टेक्सासमधल्या एका कोरड्या तळ्याच्या पात्रात एक हार्ड डिस्क सापडली. जळून काळीठिक्कर, सील वितळलेलं, आत धूळ. तंत्रज्ञांनी चकत्या साफ करून दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा काढला. त्या डिस्कवर नोंदवलेला झेनॉन वायूवरचा प्रयोग २००८ मध्ये छापूनही आला. आकाशातून पडलेल्या डिस्कमधलं निघालं, कारण चकत्या शाबूत होत्या. तुझी फक्त टेबलावरून पडलीय. तिच्या चकत्या किती शाबूत राहतात, हे आता तुझ्या हातात आहे.

पण डिस्क राहू दे. सकाळपासून तू तिच्याभोवतीच फिरतेयस, आणि मला पहिला प्रश्न वेगळाच पडलाय. त्या लग्नात वापरलेली मेमरी कार्डं कुठं आहेत? कॉपी चालू असताना डिस्क पडली, मग निदान शेवटच्या कार्डावरचं तरी अजून जागेवर असेल. बाकीची कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केली असलीस तरी साध्या फॉरमॅटनं बहुधा अनुक्रमणिकाच जाते. त्यावर पुन्हा शूट केलेलं नसेल तर फोटोरेक ते फोटो शोधून काढेल. फाइलींची नावं जातील, हळद आणि सप्तपदी एकमेकांत मिसळतील, पण लावून घेता येतील. म्हणून आत्ताच्या आत्ता सगळी कार्डं एका पाकिटात घाल आणि वर 'वापरू नये' लिही. रविवारच्या बारशाला कार्डं भाड्यानं घे.

मग वही घेऊन लिहून काढ की त्या लग्नाचे फोटो कुठं कुठं सांडलेत. अल्बमसाठी निवडायला नवरीला लिंक पाठवली होतीस ना? अल्बम करणाऱ्याला काही दिलं होतंस? व्हिडिओवाल्याच्या मशीनवर काय आहे? सेकंड शूटरनं आपली कार्डं रिकामी केली का? घरात एखादी वस्तू हरवली की आजी काय म्हणायची आठवतं? 'आधी शेवटची कुठं बघितली ते सांग.' तेच कर.

एक गोष्ट तुला अवघड जाईल. नवरीच्या वडिलांना उद्याच फोन कर. लॅबचा निकाल यायची वाट बघू नकोस. 'डिस्क पडली, प्रयत्न चालू आहेत, अमुक दिवशी नक्की सांगते' एवढं स्वच्छ बोल. ते चिडतील, त्यांचा हक्क आहे. पण महिनाभर 'एडिटिंग चालू आहे' म्हणून टोलवलंस आणि मग सांगितलंस, तर फोटोंबरोबर तुझा शब्दही जाईल, आणि त्याला रिकव्हरी नाही. अडत्यांकडं मी त्याच सकाळी गेलो होतो. आजही त्यांच्या पेढीचे कॉम्प्युटर माझ्याकडंच येतात.

पुढचं थोडक्यात. तुझ्याच धंद्यातल्या पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला नियम आहे: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणुकीवर, आणि त्यातली एक घराबाहेर. तू म्हणशील, बॅकअप होताच की डिस्कवर. नव्हता. लॅपटॉपवरून काढून डिस्कवर टाकलंस म्हणजे माल एका गोदामातून दुसऱ्यात हलवलास, वाढवला नाहीस. इथून पुढं तिसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. दर सहा महिन्यांनी जुन्या डिस्कवरचे चार फोटो उघडून बघायचे. मुनीमजी रोज संध्याकाळी वही उघडून बेरीज ताडून बघायचे. त्यांच्या वहीचा उपयोग झाला तो नुसत्या वही असण्यानं नव्हे, ती रोज उघडली जात होती म्हणून.

डिस्क कुरिअरनं पाठवू नकोस. शनिवारी मी पुण्याला येतोय, मीच हातात धरून लॅबला नेईन. तोवर ती जाड टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात ठेव. आणि तिची केबल ताईकडं देऊन टाक. मला ठाऊक आहे, रात्री दोनला तुला वाटेल, एकदा शेवटचं लावून बघू. मलाही तसंच वाटलं होतं.

तुझा,
मामा