दिवसभर खुरपण केलं, मग योग कशाला?



मागच्या मासिक सभेत योगाचा विषय काढला, तर एक काकू लगेच म्हणाल्या, "पोरी, पहाटे पाचपासून झाडलोट, पाणी, स्वयंपाक आणि मग दिवसभर खुरपण. आमचा योग रोजच होतोय की!" सगळ्या हसल्या, मीपण हसले. पण सभा संपल्यावर त्याच काकू शेजारणीचा खांदा धरून, कमरेवर हात ठेवून उठल्या. म्हणून हा लेख.

काकूंचं म्हणणं अर्धं खरं आहे. कष्ट आपण भरपूर करतो. पण खुरपताना, भात लावताना, धुणं धुताना आपलं अंग तासन् तास पुढंच वाकलेलं असतं. पाठीचे तेच ते स्नायू ताणून राहतात, गुडघे दुमडलेले, श्वास तोकडा, आणि लक्ष ओळ कधी संपते तिकडं. योगात अंग सावकाश हलवायचं, रोज वाकतो त्याच्या उलट्या बाजूलाही न्यायचं आणि लक्ष श्वासाकडं ठेवायचं.

हे मी चूक करून शिकले. पहिल्यांदा एका गटात योग घेतला तेव्हा मोबाईलवर बघून सगळ्यांना उभ्यानं वाकून पायाची बोटं धरायला लावली. दिवस खुरपणीचे होते. दुसऱ्या दिवशी एका ताईंची कमर धरली, दोन दिवसांची मजुरी बुडाली. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण चूक माझीच होती. दिवसभर वाकलेल्या पाठीला मी आणखी वाकवलं होतं. तेव्हापासून मी आधी विचारते, "आज काय काम केलंत?"

योग म्हणजे नुसती आसनं नाहीत. पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली आहेत. त्यात आसन तिसरं, प्राणायाम चौथा आणि ध्यान सातवं. आसन कसं असावं, तर स्थिर आणि सुखाचं. म्हणजे दुखेपर्यंत ताणणं हे आसन नाहीच. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम सुरू केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायला घेतलं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंत, खुर्ची, दोरी, घोंगडी यांचा आधार घेऊन आसनं शिकवली. त्यामुळं भिंतीला टेकून केलं तर कमीपणा वाटून घेऊ नका.

सुरुवात ताडासनानं करा. भिंतीला पाठ लावून उभं राहा, पावलांत थोडं अंतर ठेवा. श्वास घेत दोन्ही हात वर न्या, फळीवरचा डबा काढायला हात ताणतो तसे. श्वास सोडत खाली. पाच वेळा पुरे. मग सतरंजीवर हात-गुडघे टेकून गाईसारखं उभं राहा. श्वास घेताना मान वर, पाठ थोडी खाली. सोडताना पाठ मांजरासारखी वर गोल. यालाच मार्जारासन म्हणतात. गुडघे दुखत असतील तर खाली गोधडीची घडी ठेवा. त्यानंतर पालथं झोपून भुजंगासन: तळवे छातीच्या बाजूला, छाती बेंबीपर्यंतच उचलायची, कोपरं वाकलेली चालतील. फणा फार काढू नका! खुरपणाऱ्या बाईला मला विचाराल तर हेच आसन सगळ्यात गरजेचं. शेवटी उताणं झोपून शवासन. कमर टेकत नसेल तर गुडघ्याखाली उशी घ्या. "नुसतं पडून राहायचं? सासूबाई काय म्हणतील?" असं एकीनं विचारलं होतं. त्यांनाही शेजारी झोपवा.

हे सगळं पंधरा मिनिटांत होतं. जेवणानंतर तीन-चार तास करू नका. साडी अडकते, म्हणून सलवार किंवा सैल कपडे बरे. शहाबादी फरशीवर पोतं घसरतं, सतरंजी घ्या.

आता श्वास. ताठ बसा, भिंतीला टेका. मनात तीन आकडे मोजत नाकानं श्वास घ्या, पाच आकडे मोजत सोडा. श्वास सोडायला वेळ लागतो तसे हृदयाचे ठोके थोडे शांत होतात. म्हणून भांडणानंतर किंवा झोप येत नसताना हे उपयोगी पडतं. श्वास कोंडून धरू नका. भ्रामरीत भुंग्यासारखा नुसता हुंकार असतो. ओम म्हणायचाच असं काही नाही, कुठल्याही धर्माच्या ताईंनी बिनधास्त करावं.

ध्यानाला लोक उगाच घाबरतात. मन रिकामं करायचं नसतं, ते होतही नाही. डोळे मिटून श्वास एक ते दहा मोजा. तिसऱ्या श्वासालाच गटाचा हप्ता आठवेल, म्हशीची धार आठवेल. आठवू द्या. लक्षात आलं की परत एकपासून मोजा. परत येणं हाच तो सराव. पाच मिनिटांत वीस वेळा परत आलात तर वीस वेळा सराव झाला. मी स्वतः अजून दहापर्यंत क्वचितच पोचते.

आता हे मात्र नीट वाचा. टीव्हीवर बघून कपालभाती जोरात करणाऱ्या खूप जणी भेटतात. बीपी जास्त असेल, हृदयाचा त्रास, हर्निया, गरोदरपण असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर कपालभाती करू नका. अंग बाहेर येण्याबद्दल बायका सांगतच नाहीत. लाजू नका, आशाताईंच्या कानावर घाला आणि डॉक्टरांना दाखवा. गरोदर किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्या ताईंनी भुजंगासनही टाळावं. योग सुरू केला म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. पाठीची कळ पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, तर आधी दवाखाना. आणि मनाचं म्हणाल, तर दोन-दोन आठवडे झोप नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर एकटीनं ध्यानाला बसू नका. 14416 या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो.

दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, पण सभेत आपण "सगळ्या बऱ्या आहेत" एवढं लिहून पुढं जातो. पुढच्या सभेत बचत गोळा करण्याआधी दहा मिनिटं यासाठी ठेवू. येताना सतरंजी आणा, आणि आज कुठलं काम करून आलात तेवढं मला आधी सांगा.