लोकप्रिय गव्हर्नर आणि नाकारलेले प्रस्ताव : कॅलिफोर्निया २००५

नागरिकशास्त्रात आपण 'प्रत्यक्ष लोकशाही' हा शब्द वाचतो, व्याख्या पाठ करतो आणि पुढे जातो. पण लोक खरोखरच कायद्यावर थेट मत देतात तेव्हा काय होतं? त्यासाठी आज एक खरं उदाहरण पाहू.

आधी एक फरक लक्षात घ्या

'गव्हर्नर' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राज्यपाल येतात. आपल्या राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेतला गव्हर्नर मात्र लोकांनी थेट निवडलेला असतो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. म्हणजे कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा. पण एक अडचण अशी, की विधिमंडळात बहुमत दुसऱ्याच पक्षाचं असू शकतं. या धड्याचं मूळ तिथेच आहे.

लोकांच्या हातातली तीन साधनं

१९११ साली गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात कॅलिफोर्नियाच्या जनतेला तीन अधिकार मिळाले :

१. उपक्रम : ठरावीक सह्या गोळा करून कायद्याचा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर आणणे. साध्या कायद्यासाठी मागच्या गव्हर्नर निवडणुकीतील एकूण मतांच्या ५ टक्के, तर राज्यघटना दुरुस्तीसाठी ८ टक्के सह्या लागतात.
२. सार्वमत : विधिमंडळाने केलेला कायदा ठेवायचा की नाही, हे मतदारांनी ठरवणे.
३. प्रत्यावाहन : निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी परत बोलावणे.

चढती कमान

ऑक्टोबर २००३ मध्ये तिसरं साधन वापरलं गेलं. वीजटंचाई, तुटीचं अंदाजपत्रक आणि वाढलेला वाहन कर यांमुळे चिडलेल्या मतदारांनी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना घरी पाठवलं. त्यांच्या जागेसाठी १३५ उमेदवार होते. निवडून आले ते सिनेनट अर्नोल्ड श्वार्झनेगर, रिपब्लिकन पक्षाचे. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बहुमत होतं डेमोक्रॅटिक पक्षाचं.

पहिलं वर्ष छान गेलं. मार्च २००४ मध्ये १५ अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव त्यांनी लोकांपुढे नेला आणि तो मोठ्या फरकाने मंजूर झाला. त्या वर्षी सुमारे ६५ टक्के मतदार त्यांच्या कामावर खूश होते. मग त्यांना वाटलं, विधिमंडळ ऐकत नाही ना, तर सरळ जनतेकडे जाऊ!

गाडी घसरली कुठे?

नीट पाहिलं तर एकेका गटाला दुखावत गेल्याने हा पाठिंबा ओसरला.

*शिक्षक.* २००४ मध्ये शिक्षण संघटनांनी राज्याची अडचण ओळखून शाळांचे सुमारे २ अब्ज डॉलर तात्पुरते सोडले. पुढे शाळांना त्यांचं देणं मिळेल, असं ठरलं होतं. २००५ च्या अंदाजपत्रकात तसं झालं नाही. दिलेला शब्द मोडला, अशी भावना शाळाशाळांत पसरली.

*परिचारिका.* एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, याचा नवा कडक नियम गव्हर्नरांनी पुढे ढकलला. विरोध करणाऱ्या परिचारिकांना त्यांनी जाहीर कार्यक्रमात 'हितसंबंधी गट' म्हणून हिणवलं. त्यानंतर ते जातील तिथे परिचारिका निदर्शनं करू लागल्या.

*पोलीस आणि अग्निशमन जवान.* निवृत्तिवेतन बदलाच्या मसुद्यामुळे कर्तव्यावर मरण पावलेल्यांच्या कुटुंबांचे लाभ जातील, अशी भीती निर्माण झाली. एप्रिल २००५ मध्ये तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला, पण व्हायचं ते नुकसान झालंच होतं.

विचार करा : शिक्षक, परिचारिका, अग्निशमन जवान. प्रत्येक गल्लीतला माणूस यांच्यापैकी कुणाला तरी ओळखतो. त्यांना 'स्वार्थी' ठरवणं लोकांना कसं पटेल?

८ नोव्हेंबर २००५

तरीही गव्हर्नरांनी विशेष निवडणूक जाहीर केली. मतपत्रिकेवर आठ प्रस्ताव होते. त्यांतले चार त्यांच्या कार्यक्रमाचे :

- प्रस्ताव ७४ : शिक्षक नोकरीत कायम होण्याची मुदत २ वर्षांवरून ५ वर्षं. (आपल्याकडे शिक्षणसेवकांची तीन वर्षं कशी जातात ते आठवा!)
- प्रस्ताव ७५ : सरकारी कर्मचारी संघटनांनी वर्गणी राजकारणासाठी वापरण्याआधी प्रत्येक सभासदाची दरवर्षी लेखी संमती घेणे.
- प्रस्ताव ७६ : राज्याच्या खर्चावर मर्यादा आणि खर्च कापण्याचे जादा अधिकार गव्हर्नरांना.
- प्रस्ताव ७७ : मतदारसंघांच्या सीमा आमदारांऐवजी निवृत्त न्यायाधीशांनी आखणे.

सुरुवातीला ७४ आणि ७५ ला चाचण्यांमध्ये बरा पाठिंबा होता. पण गव्हर्नरांची लोकप्रियता ४० टक्क्यांच्या खाली घसरली, तसे हे प्रस्तावही घसरले. विरोधकांनी प्रचार सोपा केला : प्रस्ताव म्हणजेच गव्हर्नर. निकालात ७६ ला जेमतेम ३८ टक्के आणि ७७ ला ४० टक्के मतं मिळाली. ७४ आणि ७५ सुद्धा हरले. चारच नाही, मतपत्रिकेवरचे आठही प्रस्ताव पडले.

पुढे काय झालं?

इथे गोष्ट संपली असती, तर धडा अर्धाच राहिला असता. जानेवारी २००६ च्या भाषणात श्वार्झनेगर यांनी पराभव मान्य केला आणि लोकांचा कौल समजल्याचं सांगितलं. विरोधी पक्षाच्या सुझन केनेडी यांना त्यांनी आपल्या कार्यालयाच्या प्रमुखपदी नेमलं होतं. विधिमंडळाशी जुळवून घेत किमान वेतनवाढ आणि हवामानबदलाचा कायदा केला. नोव्हेंबर २००६ मध्ये ते सुमारे ५६ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले.

आणि प्रस्ताव ७७ मागचा विचार? २००८ मध्ये प्रस्ताव ११ म्हणून तो वेगळ्या रूपात आला. विधिमंडळाच्या मतदारसंघांची आखणी नागरिकांच्या आयोगाकडे द्यायला लोकांनी होकार दिला. म्हणजे २००५ मध्ये त्या कल्पनेपेक्षा ती आणणाऱ्या माणसावरचा राग जास्त मोजला गेला असावा.

आपल्या जवळचं उदाहरण

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने होते. विलीनीकरणाला १,३८,१७० तर विरोधात १,७२,१९१ मतं पडली. पण लगेच झालेल्या विधानसभा निवडणुकीत बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला! गोव्यातल्या बऱ्याच मतदारांनी 'माणूस हवा, पण हा निर्णय नको' असं वेगवेगळं सांगितलं. कॅलिफोर्नियात मात्र दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या.

म्हणून लक्षात ठेवा : नेत्यावर विश्वास आणि धोरणाला संमती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नेत्याने पहिल्याचं उत्तर दुसऱ्यासाठी गृहीत धरू नये. आणि मतदारानेही कुणी मांडलं यापेक्षा काय मांडलं, हे आधी वाचावं.

स्वाध्याय

१. भारतातील राज्यपाल आणि अमेरिकेतील गव्हर्नर यांच्यातील दोन फरक लिहा.
२. गव्हर्नरांचा पाठिंबा घटण्याची तीन कारणं तुमच्या शब्दांत सांगा.
३. मतदारसंघांच्या सीमा आमदारांनीच आखल्या तर कोणता धोका संभवतो?
४. चर्चा करा : शाळेच्या वेळेत बदल करायचा की नाही यावर वर्गात मतदान घ्या. प्रस्ताव कुणाचा आहे, हे एकदा सांगून आणि एकदा न सांगता. निकालात फरक पडतो का, ते पाहा.