पैशाची ओढाताण आणि मुलांचा नाताळ

आज आगमनकाळाचा दुसरा रविवार. वेदीजवळच्या हिरव्या कड्यातली दुसरी मेणबत्ती आपण पेटवली. देवळात अजून वाट पाहणे चालू आहे, बाजारात मात्र नाताळ केव्हाच येऊन बसला आहे. वसईच्या स्टेशनपासून गावातल्या नाक्यापर्यंत दुकाने चांदण्यांनी भरली आहेत आणि मुलांचे डोळे त्यांवर आहेत. अशा वेळी ज्यांच्या घरात या वर्षी पैसा कमी आहे, त्या आईबापांच्या पोटात गोळा येतो. कुणाची कंपनी बंद पडली, कुणाच्या घरी आजारपण झाले, कुणाच्या भाजीवर आणि फुलांवर अवकाळी पाऊस पडला. ही घरे दूरची नाहीत. आपल्याच बाकावर बसणारी आहेत.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला मुले भेटतात, वर्गाबाहेर पालक भेटतात. पालकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते : ‘आमचे जाऊ द्या, पण पोरांना काही कमी पडता कामा नये.’ वाक्य प्रेमाचे आहे. पण त्याच्या पोटी पुष्कळदा कर्ज जन्माला येते, म्हणून त्याचा हिशेब आधी करू.

शेकडा ३ रुपये दराने १०,००० रुपये उचलले, तर महिन्याला ३०० रुपये नुसते व्याजाचे. मुद्दल फेडता आले नाही, तर पुढच्या नाताळपर्यंत ३,६०० रुपये गेले आणि १०,००० तसेच उभे. त्यात वर्षभर शाळेची फी, वह्या-पुस्तके, औषधे आहेतच. हप्त्याने वस्तू घेतली तरी हप्ता चुकल्यावर दंड बसतो. आणि सणाचा आनंद जेमतेम आठवडाभर टिकतो, पण घरातली कुरबुर वर्षभर मुलांच्या कानांवर पडत राहते. मुलांना खरोखर काही कमी पडत असेल, तर ते त्या वर्षभरात पडते.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. खर्चाची यादी करताना मुलांचे कपडे, खेळणी, केक यांना कात्री लावायचा विचार होतो, पण नाताळातल्या दारूचा आकडा यादीत कुणी लिहीत नाही. तो आधी लिहावा. कित्येक घरांत मुलांचा नाताळ त्या एका ओळीतून निघेल.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, गोठा, मेंढपाळ आणि देवदूत यांच्यानंतर एक लहानसा प्रसंग येतो. नाताळच्या धामधुमीत आपण तिथपर्यंत पोहोचतच नाही. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात. लूक अर्पणाचा उल्लेख करतो तो होल्यांच्या जोडीचा किंवा पारव्यांच्या दोन पिल्लांचा. वाचताना हे सहज निसटते. त्याचा अर्थ कळायला लेवीय पुस्तकाचा बारावा अध्याय उघडावा लागतो. बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठी तिथे एक कोकरू व एक पक्षी सांगितला आहे, आणि जिला कोकरू परवडत नाही तिच्यासाठी दोन पक्ष्यांची सवलत आहे. म्हणजे पवित्र कुटुंबाने जे अर्पण केले ते गरिबांचे अर्पण होते.

योसेफ भिकारी नव्हता. त्याच्या हातात कसब होते. पण नावनोंदणीसाठी घर सोडून लांबचा प्रवास, परक्या गावात बाळंतपण, अशा दिवसांत कोकराइतका पैसा त्याच्याकडे नव्हता. आपल्यातल्या कित्येकांची स्थिती अगदी अशीच असते : माणूस कष्टाळू, पण वर्ष वाईट. योसेफाने कोकरासाठी सावकार गाठल्याचे लूक सांगत नाही. नियमशास्त्राने जे साधे अर्पण ठरवले होते, तेच त्याने उघडपणे, मंदिरात, सर्वांसमोर दिले. आणि नियमाप्रमाणे ते अर्पण पुरेसे होते, अर्धेमुर्धे नव्हते. शिमोन आणि हन्ना यांनी बाळाला पाहून देवाची स्तुती केली ती याच दिवशी.

हा प्रसंग घरी मुलांना वाचून दाखवावा, असे आम्हांला वाटते. कारण पहिली अडचण पैशाची नसतेच, ती लाजेची असते. आपण मुलांपासून परिस्थिती लपवतो. मग रात्री दबक्या आवाजात भांडतो आणि समजतो की मुले झोपली आहेत. ती जागी असतात. अर्धवट ऐकलेल्या गोष्टीची भीती खऱ्या परिस्थितीपेक्षा मोठी होते. त्यापेक्षा एका संध्याकाळी जपमाळेनंतर मुलांना जवळ बसवून सांगावे : ‘या वर्षी नाताळसाठी एवढे पैसे आहेत. आपण घाबरलेलो नाही. यातून काय करायचे ते मिळून ठरवू.’ सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढे नीट समजते. त्याला निवड करू द्यावी : मिस्सासाठी नवा शर्ट हवा की खेळणे? मोठ्या भावाचा शर्ट आईने बेताचा करून दिला तर चालेल का? स्वतः निवडलेल्या एका गोष्टीत मुलाला जो आनंद असतो, तो न विचारता आणलेल्या चार वस्तूंत नसतो. मात्र कर्जाचा आकडा, व्याज, नातेवाइकांवरचा राग हे मुलांसमोर मांडू नये. ते ओझे आपले.

सांता क्लॉजबद्दलही बोलले पाहिजे. चांगल्या मुलांना सांता भेट देतो, असे आपण हौसेने सांगतो. पण शेजारच्या मुलाला सायकल मिळाली आणि आपल्याला रंगीत पेन्सिली, तर त्या हिशेबाने मूल कोणता निष्कर्ष काढील? आपण वाईट आहोत, हाच. गरिबीवर ही दुसरी शिक्षा कशाला? ज्यांच्या घरी सांता येतो त्यांनी त्याच्या नावावर लहानशीच भेट द्यावी. मोठी भेट आईबाबांच्या नावाने द्यावी.

त्यापेक्षा सांताच्या मागचा खरा माणूस मुलांना सांगावा. संत निकोलस हे चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावचे बिशप. त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. परंपरेने चालत आलेली कथा अशी की, एका बापाकडे तीन मुलींच्या लग्नासाठी हुंडा नव्हता. निकोलसने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची पिशवी आत टाकली, मग दुसरी, मग तिसरी. तिसऱ्या वेळी बापाने त्याला गाठले, तेव्हा कुणाला सांगू नकोस, एवढेच त्याने मागितले. या कथेतली मुले चांगली वागली म्हणून त्यांना भेट मिळालेली नाही. त्यांना गरज होती म्हणून मिळाली.

मग मुलांना द्यायचे तरी काय? आमच्या अनुभवात मुलांच्या लक्षात राहते ते नाताळच्या आधीचे काम. इ. स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो गावात संत फ्रान्सिस यांनी गव्हाण मांडली तेव्हा तिथे गवत, बैल आणि गाढव एवढेच होते. २०१९ च्या १ डिसेंबरला पोप फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेचो गावी जाऊन गव्हाणीवरच्या पत्रावर सही केली आणि घराघरांतली ही प्रथा जपावी असे सांगितले. त्या पत्रात गोठ्यातल्या भिकाऱ्यांच्या आणि साध्या माणसांच्या मूर्तींचाही त्यांनी आवर्जून उल्लेख केला आहे. आपल्याकडे मात्र गव्हाण म्हणजे विजेच्या माळा आणि विकतचा देखावा, असे होऊ लागले आहे. भाताचा पेंढा आपल्या गावात फुकट मिळतो. मेंढपाळ मातीचे करता येतात. मेंढीला एक पाय कमी झाला तरी कुणाचे बिघडत नाही. कंदिलासाठी बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि मैद्याची खळ पुरते. चांदणी थोडी वाकडी होईल, पण ती कुणी केली हे मूल येणाऱ्या प्रत्येकाला सांगेल.

नाचणीची हिरवळ तर मुलांनीच करावी. साधारण १२-१३ तारखेला मूठभर नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आले की ओलसर मातीच्या ताटलीत पसरावी. रोज पाणी शिंपडायचे काम धाकट्याकडे द्यावे. २४ तारखेपर्यंत गव्हाणीपुढे शेत तयार. कलकलचेही तसेच. थोडा मैदा, साखर, नारळाचे दूध, आणि काट्याच्या पाठीवर वळायला घरातले सगळे हात. तळायचे काम आईचे. वळताना निम्मे पीठ पोटात जाते, ते जाऊ द्यावे.

आणखी एक सोय ख्रिस्तसभेनेच करून ठेवली आहे. आपला नाताळकाळ २५ डिसेंबरला संपत नाही, त्या दिवशी तो सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. सगळा खर्च एका रात्रीत कशाला? एक दिवस समुद्रावर, एक दिवस आजीकडे, आणि भेट हवीच असेल तर ती तीन राजांच्या सणाला. मुलांना वाट पाहायला आवडते, फक्त तारीख पक्की सांगावी आणि ती पाळावी. वडिलांनी एक पूर्ण दिवस मोबाईल बाजूला ठेवून दिला, तर तीही भेट मोजावी.

ज्यांचे बरे चालले आहे त्यांना एक विनंती. पुतण्याला महागडी वस्तू देताना शेजारी उभ्या असलेल्या भाच्याकडे पाहावे. धर्मपिता-धर्ममाता असाल तर धर्ममुलाच्या घरी काय हवे ते त्याच्या आईला आधी हळूच विचारावे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ‘होय’ म्हटले होते ते केवळ फोटोसाठी नव्हते. मदत देताना मुलांना रांगेत किंवा मंचावर उभे करू नये, त्यांचे फोटो काढून पाठवू नयेत. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची रीत पहिल्यापासून गरजूच्या घरी जाऊन भेटण्याची आहे. त्यामागे हाच विचार आहे. आणि फराळाचे ताट ज्या घरातून परत येणार नाही, त्या घरी ते आधी पाठवावे, रिकामे ताटही मागू नये.

या आठवड्यात छोट्या समूहाच्या सभेत लूक २:२२-३८ वाचावे आणि दोन प्रश्नांवर बोलावे. आपल्या आळीतल्या कुठल्या घराला या वर्षी नाताळ जड जाणार आहे, आणि त्यांना न लाजवता आपण काय करू शकतो? आणि आपल्या मुलांना विचारून पाहिले आहे का, की गेल्या नाताळातले त्यांना काय आठवते?