जुना प्रोजेक्टर घेताय? आधी तासभर चालवून पाहा

घरात मोठा पडदा लावून सिनेमा किंवा क्रिकेटचा सामना पाहण्याची हौस आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. कचेऱ्या, शिकवणी वर्ग आणि हौशी मंडळी आपले प्रोजेक्टर बदलतात. मग हे जुने प्रोजेक्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मोबाइलवरच्या जाहिरातींतून विक्रीला येतात. कोणी ते घरासाठी घेतो, तर कोणी लग्नकार्यात आणि सामन्यांच्या दिवसांत भाड्याने देण्यासाठी घेतो. दोघांचेही कष्टाचे पैसे त्यात अडकतात.

जुना पंखा किंवा जुनी शिलाई मशीन घेताना आपण ती चालवून पाहतो आणि बहुतेक दोष लगेच ध्यानात येतात. प्रोजेक्टरचे तसे नाही. अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटे रंगीत सिनेमा दाखवला, तर संपत आलेला प्रोजेक्टरही छान वाटतो. घरी आणल्यावर महिनाभरात चित्र फिके पडते, दिवा जातो आणि नव्या दिव्याची किंमत ऐकून माणूस डोक्याला हात लावतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्रोजेक्टरचे दोष दोन प्रकारचे असतात. काही दोष पैसे खर्चून दूर होतात. उदाहरणार्थ दिवा, धूळ, जाळी, रिमोट. काही दोष मात्र दुरुस्तीला परवडत नाहीत. पहिल्या प्रकारचा दोष सापडला तर त्याचा खर्च किमतीतून वजा करावा. दुसऱ्या प्रकारचा सापडला तर विक्रेत्याचे आभार मानून घरी परतावे. ही पारख कशी करायची ते आज पाहू.

१. घरून निघण्यापूर्वी

प्रथम आपली खोली मोजावी. शंभर इंची रुंद पडद्याचे कर्णाचे माप १०० इंच असते, त्याची रुंदी सुमारे ७ फूट ३ इंच भरते. प्रत्येक प्रोजेक्टरला आपले एक प्रमाण असते. पडद्यापासूनच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागले की ते मिळते. हे प्रमाण १.५ असेल, तर शंभर इंची चित्रासाठी प्रोजेक्टर पडद्यापासून सुमारे ११ फुटांवर ठेवावा लागेल. खोली १० फुटांची असेल तर चित्र तेवढे होणारच नाही. त्या खोलीत ८० इंची चित्रावर समाधान मानावे लागेल, कारण त्याला सुमारे पावणेनऊ फूट पुरतात. यंत्राच्या मागे हवा खेळायला थोडी जागाही सोडावी लागते. माल कितीही चांगला असला तरी आपल्या खोलीत बसत नसेल तर तो आपल्या कामाचा नाही.

दुसरे म्हणजे विक्रेत्याकडून मॉडेल क्रमांक आधीच मागून घ्यावा. त्या क्रमांकाचा दिवा बाजारात मिळतो का आणि केवढ्याला मिळतो, याची दोन दुकानांत चौकशी करावी. दिवाच मिळत नसेल तर पुढची तपासणी करण्याचे कारण उरत नाही. त्याच वेळी मूळ चित्रबिंदू किती आहेत तेही पाहावे. जाहिरातीत पुष्कळदा 'फुल एचडी चालते' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की यंत्र तो सिग्नल स्वीकारते. पडद्यावर मात्र ते ८०० बाय ६०० किंवा १२८० बाय ८०० बिंदूंतच चित्र काढत असेल. खऱ्या फुल एचडीत १९२० बाय १०८० बिंदू असतात.

जाताना स्वतःचा लॅपटॉप, एचडीएमआय वायर आणि पांढऱ्या, काळ्या, लाल, हिरव्या व निळ्या अशा पाच कोऱ्या रंगांची चित्रे सोबत न्यावी. बारीक अक्षरांचे एक पानही ठेवावे.

२. दिव्याचे तास

बहुतेक जुन्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा, मोठ्या दाबाखाली जळणारा दिवा असतो. त्याचे आयुष्य मॉडेलप्रमाणे साधारण २,००० ते ५,००० तास सांगितले जाते. यातली मेख अशी की आयुष्य संपणे म्हणजे दिवा विझणे नव्हे. प्रकाश मूळच्या निम्म्यावर आला की कंपनीच्या हिशेबाने आयुष्य संपले. म्हणजे नवा असताना २,००० ल्युमेन देणारे यंत्र आयुष्याच्या शेवटी १,००० च देते, आणि तरीही विक्रेता म्हणतो, "साहेब, चालू आहे!"

मेन्यूत माहितीच्या पानावर दिव्याचे तास दिसतात. ते पाहावेत, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. दिवा बदलल्यावर हा आकडा शून्यावर आणण्याची सोय मेन्यूतच असते आणि दिवा न बदलताही कोणी तसे करू शकतो. काही मॉडेलमध्ये यंत्राचे एकूण तास वेगळे नोंदलेले असतात, तेही पाहावेत. दिव्याचे तास ३०० दाखवत असतील, पण बटणांवरची अक्षरे झिजलेली, हवेची जाळी धुळीने बुजलेली आणि पांढरा रंग मातकट असेल, तर आकड्यापेक्षा यंत्राची साक्ष खरी मानावी. दिवा नवा बसवल्याचे सांगितले तर त्याची पावती मागावी.

आयुष्य उलटून गेलेला दिवा वापरत राहणे धोक्याचेही असते. असा दिवा आत फुटू शकतो आणि त्यात पारा असतो. तसे झाले तर प्लग काढून खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावे.

ज्यात लेझर किंवा एलईडीचा प्रकाश असतो, त्यांना पुष्कळदा २०,००० तासांचे आयुष्य सांगितलेले असते. परंतु तो प्रकाशाचा भाग साध्या दिव्यासारखा घरी बदलता येत नाही. तेव्हा तेथेही तास विचारणे सोडू नये.

३. चित्र आपल्या मापाचे मागा

विक्रेते प्रोजेक्टर भिंतीजवळ ठेवून लहान चित्र दाखवतात. ते झगझगीत दिसणारच. चित्राचा कर्ण दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते आणि तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो. ५० इंची चित्रात जो उजेड दिसतो, तो १०० इंची चित्रात एक चतुर्थांश उरतो. म्हणून आपल्या घरी जेवढे चित्र हवे, तेवढेच करून दाखवायला सांगावे. खोलीत थोडा उजेड राहू द्यावा.

आता बारीक अक्षरांचे पान लावावे. चित्र तिरपे असल्यास ते सरळ करणारी मेन्यूतली सोय आधी शून्यावर आणावी, नाहीतर तिच्यामुळेही अक्षरे बिघडतात. यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवून फोकस जुळवावा. मधली अक्षरे स्वच्छ आणि चारही कोपऱ्यांतली पुसट असतील तर भिंगाची गडबड समजावी. सगळीच पुसट असतील तर मूळ बिंदू कमी असण्याची शंका घ्यावी.

४. कोऱ्या रंगांची परीक्षा

ही सर्वांत महत्त्वाची परीक्षा होय. सिनेमाच्या धावत्या चित्रात दोष लपतात, कोऱ्या रंगात लपत नाहीत. तपासण्याआधी यंत्र एलसीडी आहे की डीएलपी, हे विचारून घ्यावे, कारण दोघांची दुखणी वेगळी असतात.

एलसीडीमध्ये लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांसाठी तीन लहान काचा असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांच्यासोबतचे पातळ पडदे भाजतात आणि निळ्या बाजूचा बहुधा आधी भाजतो. मग पांढऱ्या चित्रावर पिवळसर, तर काळ्या चित्रावर निळसर डाग दिसतात. हा दुसऱ्या प्रकारचा दोष होय. दुरुस्तीचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीला गिळतो. असा डाग दिसला की सौदा सोडावा. अक्षरांच्या कडेला लाल किंवा निळी किनार दिसत असेल तर तीन काचा एकमेकींवर नीट बसत नाहीत. किनार अगदी बारीक असेल तर सिनेमा पाहताना ती जाणवत नाही, जाड असेल तर घेऊ नये.

डीएलपीमध्ये एका चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. फुल एचडी चिपवर त्यांची संख्या २०,७३,६०० भरते. एखादा आरसा अडकला की काळ्या चित्रावर पांढरा ठिपका चमकतो. एक ठिपका आहे म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण एकामागून एक ठिपके वाढत जाऊन पडद्यावर चांदणे पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. उपाय चिप बदलणे हाच आणि तो महाग. हाही दुसऱ्या प्रकारचाच दोष समजावा.

काळ्या चित्रावर कडा नसलेला, गोल, धूसर डाग दिसला तर फोकस थोडा फिरवावा. फोकस फिरवताना डाग ठळक होत असेल तर ती आत गेलेली धूळ आहे. कारागीर यंत्र उघडून ती काढू शकतो, म्हणून त्याची मजुरी वजा करावी. पुढच्या भिंगावरची थोडी धूळ किंवा एखादा बारीक ओरखडा पाहून मात्र घाबरू नये, त्याचा चित्रावर फारसा परिणाम होत नाही. भिंगाच्या आत जाळ्यासारखी बुरशी दिसली तर गोष्ट वेगळी. दमट हवेत बंद पेटीत पडून राहिलेल्या यंत्रात ती धरते.

५. तासभर चालू ठेवा

पुष्कळ दोष यंत्र तापल्याशिवाय उघडे पडत नाहीत. म्हणून निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, पूर्ण उजेडावर ते चालू ठेवावे. विक्रेत्याला घाई असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. चालू असताना चित्र लुकलुकते का, मध्येच बंद पडते का, दिव्याची किंवा तापमानाची सूचना देणारी लाल खूण लागते का, हे पाहावे. पंख्याचा आवाज एकसारखा असावा, घरघर किंवा खरखर नसावी. डीएलपीत बारीक, उंच सुराची शीळ ऐकू आली तर रंगांचे फिरते चाक झिजले असावे. जळकट वास आला तर पुढे पाहूच नये.

शेवटी बंद करताना विक्रेता काय करतो याकडे लक्ष द्यावे. दिव्याचे यंत्र बटणाने बंद करून पंखा थांबेपर्यंत वाट पाहायची असते. जो सरळ प्लग ओढतो, त्याने वर्षभर तेच केले असणार.

६. जोडण्या आणि कागदपत्रे

मागच्या सर्व जोडण्या एकेक करून तपासाव्यात. काही जुन्या यंत्रांत चित्राच्या नकलेविरुद्धची संरक्षण व्यवस्था नसते. अशा वेळी लॅपटॉपचे चित्र दिसते, पण सेट-टॉप बॉक्सचे दिसत नाही. शक्य असल्यास घरचा बॉक्स सोबत न्यावा. यंत्र परदेशातून आणलेले असेल तर खालच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे का, ते वाचावे.

खालचा अनुक्रमांक खरवडलेला असेल तर यंत्राला हातही लावू नये. कचेरी किंवा शाळेच्या नावाची चिठ्ठी चिकटलेली असेल तर तेथून ते विकल्याचा कागद मागावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पावतीवर मॉडेल, अनुक्रमांक, दिव्याचे तास आणि विक्रेत्याची सही हवीच.

७. भावाचा हिशेब

समजा, विक्रेता २०,००० रुपये सांगतो. नवा दिवा ७,००० रुपयांना मिळतो. दिव्याचे आयुष्य ४,००० तास आणि तो ३,२०० तास जळला आहे. म्हणजे दिव्याचा ८० टक्के भाग खर्च झाला, त्याचे ५,६०० रुपये वजा करावेत. आत धूळ असल्यास सफाईचे, रिमोट नसल्यास रिमोटचे पैसेही वजा करावेत. नुसत्या दिव्याचा हिशेब धरला तरी बोलणी १४,४०० पासून सुरू व्हायला हवीत. राहिलेले ८०० तास रोज तीन तासांप्रमाणे नऊ महिनेही पुरत नाहीत. जो भाड्याने देणार आहे, त्याने दर तासाच्या भाड्यातून नव्या दिव्यासाठी काही रक्कम बाजूला काढली नाही, तर नफा समजून तो आपले भांडवलच खात राहील.

जुन्या मालाचा धंदा करणाऱ्या तरुणांसाठी शेवटी दोन शब्द. वर सांगितलेली तपासणी गिऱ्हाईक करील याची वाट पाहू नका, ती तुम्हीच करून दाखवा. दिव्याचे खरे तास आणि यंत्रातला दोष पावतीवर लिहून द्या. त्या दिवशी हजार-पाचशे कमी मिळतील. परंतु ज्याला तुम्ही दोष सांगून माल दिला, तो पुढच्या वेळी भावाला घेऊन तुमच्याच दुकानाची पायरी चढेल.