उन्हापावसातले दार

रायपूरच्या शंकर नगरात पश्चिमेकडे तोंड असलेल्या लाकडी दाराला वर्षभरात दोन टोकांचे हवामान सोसावे लागते. वैशाखात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. पावसाळा लागला की तेच दार पाणी पिऊन फुगते आणि चौकटीत अडकते. लाकडावरचा व्हार्निशचा थर मात्र तेवढा ताणला जात नाही. त्याला भेगा पडतात, भेगांतून पाणी आत शिरते. उन्हामुळे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य नष्ट होते व पृष्ठभाग करडा पडतो. अशा सैल तंतूंवर कितीही महाग लेप दिला तरी तो टिकत नाही. म्हणून जुना थर उतरविणे हेच खरे काम. नवा देणे त्यामानाने सोपे.

सुटलेले पोपडे खरवडून काढावेत. मग लाकडाच्या रेषांना धरून, प्रथम ८० व नंतर १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावे. जुन्या तैलरंगाविषयी मात्र सावध असावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे अधिक असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. असा रंग कोरडा घासू नये. भिजवून काढावा, मुलांना दूर ठेवावे.

आपल्याकडे रंगकाम दिवाळीपूर्वी उरकण्याची घाई असते. ती दारांच्या मुळावर येते. पावसाची ओल तोवर लाकडात असते. वरून लेप बसला की ती कोंडते आणि उन्हाळ्यात फोड येतात. मार्गशीर्ष ते माघ हा कोरडा काळ उत्तम.

छत्तीसगडच्या लाखेपासून होणारे चपड्याचे पॉलिश घरातील कपाटाला शोभते. पाणी लागताच ते पांढरे पडते. बाहेरच्या दाराला जवसाचे तेल बरे. जवस येथेही पिकतो, विदर्भातही. कारागीर ज्याला बेलतेल म्हणतात ते लाकडात मुरते. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल पुसावे, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. दरवर्षी ते पुन्हा लावावे लागते, पण पोपडे सुटत नाहीत. दाराची खालची कड कोणाला दिसत नाही, म्हणून ती कोरीच राहते. तंतूंची उघडी तोंडे तेथे असल्याने कुजणे बहुधा तेथूनच सुरू होते. दार बिजागऱ्यांवरून उतरवून तिलाही तेल पाजावे.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते. ढिगात ती साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती अंगणात एकेक पसरून वाळवावीत.